चित्राखालची ओळ

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांची सभासदपत्रिका ही आपल्या समीक्षेने कधी वाचलीच नाही. प्रस्थापित वाङ्मयीन मासिकांच्या अभिरुचीची झाडाझडती दलित साहित्याने घेतली, नाटक-सिनेमाचीही थोडीफार घेतली गेली; पण मोजक्या प्रती निघणारी, सभासदांनीच भरलेली आणि सभासदांनीच चाळलेली ही गुळगुळीत पाने आपल्या नजरेतून सुटली. आता ती सुटून चालणार नाही. आपली शिकलेली मुले-मुली कॅमेरा हाती घेत आहेत, अशा मंडळांत जात आहेत, आणि त्यांचे पहिले छापील काम बहुधा याच पत्रिकांत येते. तेथे काय स्वीकारले जाते, काय परत येते आणि स्वीकारताना त्याचे काय केले जाते, हा म्हणूनच आपल्याही प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे.

या प्रकरणाचे मूळ आपल्याच मुंबईत आहे. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्यानंतरच्या, १८५६ मधल्या. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मोजके एतद्देशीय सोडले तर तिच्यात भरणा होता तो साहेबांचा. तिच्या आश्रयाने १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक चित्रसंग्रह काढला. त्यात देवळे होती, इमारती होत्या आणि माणसेही होती. पण ती माणसे माणसे म्हणून नव्हती. जात, धंदा आणि पेहराव यांचे नमुने म्हणून होती. पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यासाठी स्टुडिओत उभ्या केलेल्या माणसांच्या आकृती कापून त्या निराळ्या देखाव्यांवर बसवण्यात आल्या. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची, आणि खाली लिहिलेली जात तेवढी पक्की! १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांनी हीच रीत सरकारी केली. ज्याचा चेहरा छापला त्याचे नाव छापण्याची गरज, राजेरजवाडे वगळता, सहसा कोणाला वाटली नाही.

आजच्या मंडळात जातीचे नाव कोणी छापणार नाही. तेथे आता सगळे कसे मानवतावादी! सुरकुतलेला पागोटेवाला म्हातारा ‘अनुभव’ होतो. फाटक्या झग्यातली मुलगी ‘आशा’, भट्टीच्या धुरातला वीटभट्टी मजूर ‘तपश्चर्या’. पूर्वी जात होती आणि नाव नव्हते. आता जातही गेली आणि नावही गेले. उरले एक भाववाचक नाम. याला कोणी प्रगती म्हणत असेल तर त्याने त्या वीटभट्टीवाल्याला जाऊन विचारावे.

ही अभिरुची आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे स्पर्धांची एक यंत्रणा उभी आहे. १९५० मध्ये स्थापन झालेला ‘फियाप’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ आणि आपल्याकडे १९५३ मध्ये झालेला भारतीय महासंघ यांच्या पदव्या नावापुढे लावायच्या, तर मान्यताप्राप्त प्रदर्शनांत चित्रे स्वीकृत व्हावी लागतात. परीक्षकांपुढे एकामागून एक शेकडो चित्रे सरकतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण येतात आणि तेवढ्यात गुण द्यायचे असतात. अशा वेळी जे क्षणात ‘लागते’ तेच टिकते : पाठीमागून आलेला प्रकाश, धूळ, एकटी आकृती, तिरकी रेषा. मंडळाची पत्रिका म्हणजे या परीक्षेची शिकवणीच. तेथे चित्र पाठवणारा तरुण हळूहळू माणसे शोधणे सोडून ‘विषय’ शोधू लागतो. दारिद्र्य हा त्याला सर्वांत स्वस्तात मिळणारा विषय. तो बहुधा आपल्याच वस्तीत मिळतो. क्वचित आपल्याच घरात.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या वार्षिकांकासाठी मी चार चित्रे पाठवली. सफाई कामगार स्त्रियांची होती. पहिल्यात पहाटेच्या उजेडात रस्ता झाडणारी बाई, दुसऱ्यात हजेरी कोठीवर मस्टरवर सही करणाऱ्या दोघी, तिसऱ्यात पगाराची चिठ्ठी वाचणारी एक. चौथ्यात निवृत्त झालेली बाई नवी साडी नेसून, घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसलेली, कॅमेऱ्याकडे थेट पाहणारी. चित्राखाली कोठे नाव, गाव आणि नोकरीची वर्षे होती, तर कोठे नुसती वर्षे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला मिळणारी नोकरी आईकडून लेकीकडे कशी आली, तेही दोन ओळींत होते. संपादकांनी पहिले चित्र घेतले, मजकूर गाळला आणि वर शीर्षक दिले : ‘श्रमलक्ष्मी’. चौथे चित्र परत आले. शेरा असा : पोज दिलेली आहे, घरगुती अल्बमसारखे वाटते.

शीर्षकाचे आधी पाहू. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणारा आपला समाज आहे. केरसुणी पूज्य आणि ती धरणारा हात विटाळाचा, ही वाटणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली त्यांच्यातल्या एका बाईला लक्ष्मी म्हणणे हा गौरव नव्हे. ती वाटणी झाकणारा तो हळदकुंकवाचा सडा आहे. संपादक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांना ते शीर्षक मनापासून सुंदर वाटले असणार, आणि खरी अडचण तीच आहे.

आता पोजविषयी. मंडळांची शिकवण अशी की माणसाने कॅमेऱ्याकडे पाहू नये, तो नकळत टिपला जावा, म्हणजे चित्र ‘नैसर्गिक’ होते. नकळत कोणाला टिपता येते? ज्याची परवानगी घ्यावीशी वाटत नाही त्याला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे बोलताना लुगडे नेसण्याच्या तऱ्हेचा आणि दागिन्यांचा मुद्दा काढला. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी वेशभूषा टाका, असे सांगितले. त्या दिवसापासून नीटनेटके नेसून लोकांपुढे येणे ही आपल्या बायांची केवळ हौस राहिलेली नाही. ती एक राजकीय कृती आहे. निवृत्त बाईंनी फोटोसाठी साडी बदलली, केस विंचरले, खुर्ची तसबिरीखाली ओढली. त्या चित्राची रचना माझी नव्हती, त्यांची होती. कलावादी समीक्षकाला तिच्यात अल्बम दिसला, कारण ती बाई त्याला हवी होती तशी वाकलेली नव्हती.

यावर उत्तर ठरलेले आहे : कला वैश्विक असते, नावगावाने ती बातमी होते. मग त्याच वार्षिकांकाचे शेवटचे पान पाहावे. मंडळाच्या सहलीचा समूहफोटो. खाली बारीक टायपात, बसलेले डावीकडून, उभे डावीकडून, प्रत्येकाचे आडनावासकट नाव, एकही चूक नाही. कडेला चहाची किटली घेऊन उभा असलेला पोऱ्या तेवढा त्या यादीत नाही. म्हणजे नावे छापण्याची विद्या मंडळाला चांगली अवगत आहे. शिवाय त्याच अंकात नववधूची त्वचा लोण्यासारखी मऊ केलेली आणि हमालाच्या चेहऱ्यावर संगणकातली ‘क्लॅरिटी’ चढवून प्रत्येक सुरकुती खडबडीत केलेली. वैश्विकतेला त्वचेचा एवढा भेद कसा चालतो?

म्हणून आपल्या मुलांनी तेथे चित्रे पाठवूच नयेत काय? मला तसे वाटत नाही. छपाई, कागद, छायाप्रकाशाची जाण या गोष्टी या मंडळांत खरोखर शिकायला मिळतात. त्या फुकट सोडून देण्याइतके आपण श्रीमंत नाही. मुंबईच्या सफाई कामगारांची सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे पाहिली, तर तंत्राचा कस आणि माणसाविषयीची बांधिलकी एकत्र नांदू शकतात हे कळते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या चित्रांचे मोल त्या आधीही तेवढेच होते. पाठवताना मात्र अट घालावी : चित्र आणि त्याखालची ओळ ही एकच कृती आहे, ओळ गाळायची असेल तर चित्रही परत करावे.

येथे एक गाठ आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. माझ्या चित्रांतल्या दोघींनी नाव छापू नका असे सांगितले. एकीच्या लेकीचे लग्न ठरत होते, दुसरीच्या मुलाला कॉलेजात आईची नोकरी सांगायची नव्हती. त्यांचे नाव न छापणे आणि संपादकाने नाव गाळणे, ही दोन्ही पाने छापल्यावर सारखीच दिसतात, आणि वाचकाला फरक कळायला मार्ग राहात नाही. म्हणून त्या दोघींच्या चित्रांखाली मी लिहून पाठवले होते : ‘नाव छापू नये, अशी यांची इच्छा.’ संपादकांनी गाळलेल्या मजकुरात हे वाक्यही होते.