गझलेत नसलेली मुलगी

आई आरोग्यसेविका. तिचं उपकेंद्र मानोरा तालुक्यात, आम्ही भावंडं कारंज्यात आजीजवळ. शनिवारी संध्याकाळी ती एसटीनं यायची, भाकरी थापताना 'उंबरठा'तली सुरेश भटांची गझल गुणगुणायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. मला ते गाणं आवडायचं नाही. ते सुरू झालं की सोमवार जवळ आल्यासारखा वाटे.

पुण्यात नोकरी लागल्यावर जब्बार पटेलांचा हा १९८२ चा सिनेमा मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. सुलभा (स्मिता पाटील) सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते. नवरा आणि लहान मुलगी मागे राहतात. सिनेमा पाहताना गझलेची मर्यादा लक्षात आली. ती बोलते सख्याशी. मुलगी तिच्यात कुठेच नाही. हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज एकटेपण इतकं देखणं करतात, की सुलभेनं काय किंमत मोजली हे आपण विसरतो. स्मिताचा चेहरा मात्र विसरू देत नाही.

तरी भटांनी एक जागा ठेवलीय: मागे राहिलेल्या घरात ओळखीचे सूर भेटतील, ही कल्पना. कारंज्याचं आमचं घर तसंच होतं.

गेल्या दिवाळीत आईला विचारलं, "आमची याद येत होती काय तुले?"

ती म्हणाली, "मंग रातच्याले क्वार्टरवर तेच गानं कायले म्हणत होती मी?"

गझलेत मुलगी नाही, हे म्हणणं मी मागे घेत नाही. पण आई म्हणायची तेव्हा आम्ही त्यात होतो.