'टॉक्सिक'मध्ये लपलेलं धनुष्य

पहिली नोकरी सोडताना एचआरनं कारण विचारलं. मी म्हणालो, "टीमचं वातावरण टॉक्सिक आहे." तिनं मान डोलावली, लिहून घेतलं. पाच मिनिटांत दोघंही मोकळे.

खरं सांगायचं होतं ते वेगळंच. आमचा लीड रात्री साडेअकराला फोन करायचा आणि सकाळच्या स्टँडअपमध्ये माझ्या इंग्रजीची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. यातलं काहीच कागदावर गेलं नाही. एका विशेषणानं सगळं गिळून टाकलं.

हा शब्द मूळचा ग्रीक. 'टॉक्सॉन' म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या विषाला 'टॉक्सिकॉन फार्माकॉन' म्हणत. पुढे त्यातला विषाचा शब्द 'फार्माकॉन' गळून पडला आणि धनुष्याच्या विशेषणालाच विषाचा अर्थ चिकटला. म्हणजे या शब्दात मुळात बाण सोडणारा हात होता, तो लागणारा देहही होता. आज आपण म्हणतो 'टॉक्सिक कल्चर', आणि बाण कुणी मारला हे विचारायचं राहूनच जातं.

विज्ञानात असं मोघम बोलून भागत नाही. किती मात्रा आणि कुणाला, हे सांगावंच लागतं. चॉकलेट आपल्याला खाऊ, कुत्र्याला विष.

२०१८मध्ये ऑक्सफर्डनं 'टॉक्सिक'ला वर्षाचा शब्द ठरवलं. रसायनं, नाती, ऑफिस, पुरुषीपणा, सगळीकडे तो पोचला होता. त्याचे उपकारही आहेत. 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून जे खपून जायचं, त्याला या शब्दानं नाव दिलं. माझी तक्रार एवढीच, की तिथून बोलणं सुरू व्हायला हवं होतं आणि आपण तिथेच थांबतो.

मराठीत 'विषारी' आहे, 'विखारी' आहे. पण मला हल्ली 'बाधणं' हे साधं क्रियापद आवडतं. काकडी बाधते, जागरण बाधतं. काय बाधलं आणि कुणाला, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरंच होत नाही.

दोन महिन्यांनी माझ्या जागी येऊ घातलेल्या मुलीचा मेसेज आला : "तिथे टॉक्सिक आहे का?"

मी 'हो' टाइप केलं. मग खोडलं, आणि रात्रीच्या फोनपासून लिहायला सुरुवात केली.