‘निचिजो’मधील विनोद : क्षुल्लकाचे गांभीर्य

जपानी अ‍ॅनिमे मालिकांचा विचार सहसा अद्भुत आणि वीर या रसांच्या अंगाने केला जातो. विनोदी मालिका मात्र ‘हलकीफुलकी करमणूक’ या शेऱ्यावर बाजूला पडतात. केइइची आरावी यांच्या 2006 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या चित्रकथेवर क्योतो अ‍ॅनिमेशन या संस्थेने 2011 मध्ये निर्माण केलेली ‘निचिजो’ ही 26 भागांची मालिका या समजाला छेद देणारी आहे. तात्सुया इशिहारा हे तिचे दिग्दर्शक. ‘निचिजो’ या शब्दाचा अर्थच मुळी रोजचे, नित्याचे जीवन असा आहे. या मालिकेत हसू नेमके कशातून निर्माण होते आणि त्या हसण्याचे मोल काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मालिकेला सलग कथानक असे नाही. युको, मिओ आणि माइ या तीन शाळकरी मैत्रिणी व त्यांच्या भोवतीची माणसे यांचे छोटे-छोटे प्रसंग एवढेच तिचे द्रव्य. जेवणाच्या डब्यातील ऑक्टोपसच्या आकाराचा सॉसेजचा तुकडा युकोच्या हातून निसटतो. एवढीच घटना, पण तो जमिनीवर पडू नये म्हणून चाललेली तिची धडपड एखाद्या महायुद्धाच्या निर्णायक क्षणासारखी संथ गतीने आणि बारीकसारीक रेखाटनासह उलगडत जाते. वही मैत्रिणीच्या हाती गेल्यावर तीत आपण काढलेले चित्र राहून गेले आहे, हे मिओच्या ध्यानात येते. मग जी पळापळ होते तिला साहसपटाचा वेग आहे. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत बहुधा चित्रांची काटकसर केली जाते : स्थिर चेहरे, हलणारे ओठ आणि संवादांवर सारी भिस्त. येथे नेमके उलटे घडते. जेथे काहीच घडलेले नाही, तेथे चित्रकारांचे सर्वाधिक श्रम खर्ची पडतात. युजी नोमी यांचे वाद्यवृंदप्रधान संगीतही त्याच सुरात, तिळमात्र न हसता, साथ देते.

संस्कृत काव्यशास्त्रात अभिनवगुप्तांनी अनौचित्याला हास्याचे मूळ मानले आहे. शाळेचे मुख्याध्यापक आवारात हरणाशी कुस्ती खेळतात आणि युको ते खिडकीतून पाहते, हा प्रसंग या सूत्राने सहज उलगडतो. परंतु सॉसेजच्या प्रसंगाला एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. प्रमाण बिघडले आहे ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने. युकोच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. त्या वयात, त्या क्षणी दुःख खरोखरच तेवढे मोठे असते. मालिका तिच्या दुःखाची थट्टा करीत नाही, त्याला त्याच्या मापाचे चित्र देते. कॉफीच्या दुकानात काय मागवावे हे न कळल्याने युकोच्या पुढ्यात एस्प्रेसोची इवलीशी कपबशी येते, तेव्हा प्रेक्षक हसतो तो तिला खिजवून नव्हे. अशा ठिकाणी कधी कधी दृश्य थबकते आणि काही क्षण शांतता राहते. या विरामांचे महत्त्व धावपळीच्या दृश्यांहून कमी नाही.

याच दृष्टीची खरी कसोटी नानो या पात्रात लागते. आठ वर्षांच्या ‘प्रोफेसर’ मुलीने तयार केलेली ही यंत्रकन्या. पाठीवर भली मोठी चावी. ती दिसू नये, आपणही इतरांसारखे शाळेत जावे, एवढीच तिची इच्छा. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते, अशी बर्गसाँ यांची 1900 मधील उपपत्ती आहे. नानोच्या बाबतीत ती उलटी होते : यंत्रच सर्वांत अधिक माणसासारखे लाजते, रागावते, काळजी करते. तिच्या हातातून अचानक काहीबाही बाहेर पडते तेव्हा हसू येते खरे, पण तिच्या ओशाळलेपणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. मालिकेच्या उत्तरार्धात ती शाळेत जाऊ लागते. तेथील साधे ‘नमस्कार-चमत्कार’ही मन हेलावून जातात. हास्य आणि करुण यांच्यातील अंतर इथे फारच थोडे उरते.

सर्वच प्रसंग या उंचीचे आहेत असे नाही. अधूनमधून येणारी काही तुटक दृश्ये केवळ विक्षिप्त वाटतात, आणि जपानी शब्दश्लेष उपशीर्षकांत पार निर्जीव होतात. जपानमध्ये मालिकेच्या ध्वनिचित्रतबकड्यांची विक्रीही फारशी झाली नाही. तरीही 2012 मध्ये एनएचकेच्या शैक्षणिक वाहिनीने तिचे 12 भागांत पुनःसंपादन करून प्रक्षेपण केले, आणि 2025 मध्ये याच संस्थेने आरावींच्या ‘सिटी’ या चित्रकथेवरही मालिका काढली. मधल्या काळात, 18 जुलै 2019 रोजी, संस्थेच्या क्योतो येथील चित्रशाळेला लावण्यात आलेल्या आगीत 36 जणांचा बळी गेला. ‘निचिजो’तील पात्रांचे रेखांकन सिद्ध करणारे फुतोशी निशिया त्यांपैकी एक होते. युकोचा तो घाबराघुबरा, डब्यातील एका घासासाठी जिवाचे रान करणारा चेहरा त्यांनीच घडविलेला आहे.