उसन्या चौकटीत आपलं काय?

निवडणुकीचा निकाल लागो, भारत सामना हरो की नाशकात अवकाळी पाऊस पडो. मोबाइलवर काही मिनिटांत अशोक सराफांनी रंगवलेले धनंजय माने हजर असतात. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’ने मराठी मीमला भरभरून चौकटी पुरवल्या. पण अशोक सराफांचा चेहरा घ्यायचा आणि त्यावर वाटेल तो मजकूर चिकटवायचा, एवढ्यावर आता बहुतेकांचं भागतं. सगळ्यांच्या आधी टाकायच्या घाईत विनोद करायचाच राहून जातो.

दोष उसनवारीचा नाही. ‘बनवाबनवी’ही हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला आहे. वसंत सबनीसांच्या लेखणीने त्याला पुणेरी घरमालकीण आणि मराठी संवादांचा ठेका दिला, म्हणून तो आपला झाला. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, मालेगावात, नासीर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी त्यांनी ट्रकला हिरवं कापड लावून नायकाला उडवलं. ही सगळी खटपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहायला मिळते. सुपरमॅन जगाचा, पण घाणीवर प्रेम करणाऱ्या खलनायकाशी झुंजणारा हडकुळा सुपरमॅन फक्त मालेगावचा.

उसनं घेऊन आपलं करण्याच्या या कसोटीवर आजचं बरंचसं मीम उतरत नाही. चौकट उसनी आणि मजकूरही दुसऱ्या ग्रुपवरून आलेला. मग करणाऱ्याचं त्यात उरतं काय?

खरं तर नाशिकच्या अंबडला ‘बनवाबनवी’ जितकी लागू पडते, तितकी क्वचितच कुठे पडेल. एमआयडीसीत कामाला आलेली पोरं सिडकोत खोली शोधत फिरतात आणि दारोदार ऐकतात, ‘फॅमिली असेल तरच देतो.’ चित्रपटाचं मूळ दुखणं हेच आहे. घर मिळवण्यासाठी बाई बनून साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या चित्राखाली कुणी लिहिलं, ‘काका, फॅमिली आणली. आता चावी द्या,’ तर प्रसंग, पात्र आणि वाचणाऱ्याचं जगणं एका ओळीत जुळतं. हसू येतं आणि डिपॉझिटसाठी केलेली उधारीही आठवते. असं मीम पुढच्या वर्षीही शिळं होणार नाही.

ही ओळ सुचायला वेळ द्यावा लागतो. अंबडच्या कारखान्यात जॉब, म्हणजे यंत्रावरचा भाग, कितीही झटपट निघाला, तरी मापाच्या गेजला बसला नाही तर रिजेक्टच होतो; विनोदालाही तोच न्याय हवा. हीच चौकट का, हे सांगता येत नसेल तर मीम पाठवू नये. नाइट शिफ्ट, कंत्राटी नोकरी, ओव्हरटाइम, गावाकडून येणारे फोन हे सगळं अजून विनोदाची वाट पाहतंय. ते ज्याला आतून माहीत आहे, त्याने ट्रेंडमागे धावू नये. त्याचं मीम दोन दिवस उशिरा आलं तरी चालेल. ते दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.