यंत्राची बुद्धी कोणाची?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीला मायनर विषय आणला. कृत्रिम बुद्धिमत्ता हा मायनर कला-वाणिज्याच्या मुलांनाही द्यावा, असा आग्रह आता धरला जातो. देवपुरात शिकवणारा मी त्याचे स्वागतच करतो. पण यंत्राला हुकूम कसा सोडावा एवढेच शिकवायचे असेल, तर ती नवी कारकुनी झाली.

ही बुद्धी लिखित मजकुरावर पोसली जाते. लिहिण्याचा मक्ता शतकानुशतके कोणाकडे होता? माझ्या वर्गातल्या मुलांची अहिराणी त्या मजकुरात कितीशी? हा प्रश्न एकट्या गणिताने सुटणारा नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांत चुका फार तर ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांत ३४.७ टक्क्यांपर्यंत! वर्णाची मोजपट्टी त्यांनी त्वचाविज्ञानातून घेतली होती. अर्थशास्त्र शिकणाऱ्या बाबासाहेबांनीही जातीवरचा निबंध १९१६ मध्ये कोलंबियात वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. विषयांच्या भिंती ओलांडणे ते हे.

तेव्हा पहिल्याच सत्रात यंत्राकडून देवपूरवर निबंध लिहवून घ्यावा, आणि त्यातून कोणती वस्ती गळाली ते मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या मुलांनी तपासावे.