‘झेड’ आणि केवड्यावरची फवारणी

राजकीय थरारपट म्हटला की आपण आधी विचारतो, हा डावा की उजवा? कोस्टा-गावरास यांच्या १९६९ सालच्या ‘झेड’बाबत उत्तर सोपं आहे. मे १९६३ मध्ये ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात शांततावादी खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर सभेनंतर जीवघेणा हल्ला झाला. त्यावर वासिलिस वासिलिकोस यांनी कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून हा सिनेमा निघाला. (याच कादंबरीवरचा दिबाकर बॅनर्जींचा ‘शांघाय’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.) ‘झेड’ आला तेव्हा ग्रीसमध्ये लष्करशाही होती. सिनेमा तिच्या विरोधात उघड उभा राहतो, आणि आपण त्याच्या बाजूने असतो.

म्हणूनच दुसरा प्रश्न विचारायला हवा. हा सिनेमा माणसांच्या ओळखीशी कसा वागतो?

सुरुवातीचा प्रसंग आठवा. अधिकाऱ्यांपुढे द्राक्षवेलींवरच्या रोगाबद्दल व्याख्यान चालू आहे. आपले नाशिककडचे बागायतदार ज्याला केवडा म्हणतात, तोच हा रोग. मग जनरल उठतो आणि म्हणतो की समाजालाही विचारांचा असाच रोग जडतो, वेळीच फवारणी हवी. विरोधकाला माणूस न मानता रोग मानायचं, हे इथे नेमकं पकडलंय. शेवटी पत्रकार त्याला विचारतो, तुमच्यावरही ड्रेफससारखा अन्याय झालाय का? ड्रेफस हा खोट्या आरोपात शिक्षा झालेला फ्रेंच ज्यू लष्करी अधिकारी, पुढे निर्दोष ठरलेला. जनरल ओरडतो, ड्रेफस दोषीच होता! ज्यूद्वेष एका वाक्यात उघडा पडतो.

आता दोन मारेकरी बघा. यागो तीनचाकी चालवणारा. त्याच्यामागे गरिबी आहे, पोलिसांच्या मेहेरबानीवर चालणारा धंदा आहे. म्हणजे त्याच्या गुन्ह्याला कारण दिलंय. वागोच्या बाबतीत मात्र त्याचं समलिंगी असणंच पुन्हा पुन्हा पुढे येतं, जणू तेच त्याच्या विकृतीचं लक्षण. सिनेमात समलिंगी म्हणून ठळक दिसणारा माणूस हाच, आणि तो भाडोत्री गुंड. जनरलची रोगाची उपमा दिग्दर्शकाने इथे नकळत स्वतः वापरली.

गंमत म्हणजे शेवटी लष्कराने बंदी घातलेल्या गोष्टींची यादी येते, तीत सॉक्रेटिस समलिंगी होता असं म्हणण्यावरची बंदीही आहे. प्रेक्षागृहात त्यावर हसू येतं. पण त्या बंदीला हसणाऱ्या सिनेमाने वागोला कसं रंगवलं, हे आपण विसरून चालणार नाही.

कुणी म्हणेल, काळच तसा होता. होताच. पण त्याच काळात ज्यूद्वेष ओळखण्याची नजर या सिनेमाकडे होती. म्हणजे नजर नव्हती असं नाही, ती सगळ्यांपर्यंत पोचली नाही. यामुळे ‘झेड’ आपल्या लेखी टाकाऊ ठरत नाही. मात्र राजकीय बाजू बरोबर असली की चित्रण आपोआप न्याय्य होतं, हा समज आपण सोडून द्यायला हवा. आपल्या आवडत्या सिनेमांना हा दुसरा प्रश्न आधी विचारू या.