पेन्सिलीवाचून राहिलेला हिशेब

पापनाशमला समुद्र नाही. तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. भोवती कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली भातखाचरे, गावात एकशे आठ शिवलिंगांचे देऊळ आणि नायक राजांच्या काळचे विटांचे एक प्रचंड धान्यकोठार. मराठी माणसाला येथे कोकण आठवावे असे काही नाही. तथापि, बदलीच्या सामानात जी पाच-पन्नास मराठी पुस्तके आमच्याबरोबर गावोगाव हिंडत असतात, त्यांत पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' आहे, आणि दिवाळीच्या आगेमागे इकडचा पाऊस कोसळू लागला म्हणजे घराबाहेर पडणे सुटते, हाती तेच ते पुस्तक येते. यंदा ते वाचताना एका जागी आम्ही अडलो. ती जागा पूर्वी अनेकदा ओलांडली असूनही कधी डोळ्यांत भरली नव्हती. तिच्याविषयी लिहावे म्हणून हा प्रपंच.

हेमिंग्वेची ही दीर्घकथा १९५२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ साली लेखकाला नोबेल. पु. लं.चा अनुवाद १९६५ चा. म्हाताऱ्या सांतियागोला चौऱ्याऐंशी दिवस मासळी लाभलेली नाही, त्याच्या हाताखालच्या पोराला आईबापांनी दुसऱ्या होडीवर धाडले आहे, म्हातारा एकटाच खोल पाण्यात जातो, अठरा फुटी मासा गळाला लागतो, तीन दिवसांच्या झुंजीनंतर तो मारला जातो, आणि परतीच्या वाटेवर शार्क त्याचा फडशा पाडतात. हे सर्वांना ठाऊक आहे. सांतियागो म्हणजे मानवाची अजिंक्य इच्छाशक्ती, समुद्र म्हणजे नियती, सांगाडा म्हणजे कलावंताच्या पदरी उरणारे यश, असा अर्थ लावणारी व्याख्याने आम्ही चार मराठी मंडळांत तरी ऐकली आहेत. त्यांतले एक, सांगण्यास संकोच वाटतो, आमचेच होते.

आम्ही अडलो ती जागा अशी. मासा मारून झाला आहे. पहिला शार्क अजून यायचा आहे. म्हातारा माशाकडे पाहतो आणि मनाशी भाव करू लागतो: वजन पंधराशे पौंडांच्या वर, साफ केल्यावर दोन-तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंट. तेथे तो थांबतो. या हिशेबाला पेन्सिल हवी, असे त्याला वाटते, आणि हिशेब तसाच राहून जातो. पुढे शार्क येतात, मासा जातो, हिशेबाचे प्रयोजनच उरत नाही. टीकाकारही मग त्याकडे परतून पाहत नाहीत. आमच्या मते मात्र सांतियागो कोणी प्रतीक नसून पोटासाठी दर्यात गेलेला एक धंदेवाईक माणूस आहे याची खूण या एका वाक्यात जितकी उमटली आहे, तितकी पुढच्या सगळ्या झुंजीत उमटलेली नाही. हेमिंग्वेला ती ठाऊक होती. ती जागा घाईने ओलांडली ती आम्ही वाचकांनी.

येथे अनुवादाविषयी थोडे अवांतर. मूळ कथेत म्हातारा समुद्राला स्त्री समजून बोलतो, आणि मोटारबोटी घेतलेले तरुण कोळी त्यालाच पुल्लिंगी नावाने पुकारतात. स्पॅनिश भाषेत ही सोय आहे. मराठीत समुद्र, सागर, दर्या हे सगळेच पुरुष. आमच्या हाती स्त्रीलिंगी उरते ती खाडी, आणि खाडीत अठरा फुटी मासा कोठून यावा! ही अडचण कितीही समर्थ अनुवादकाला चुकणारी नाही. उलट नावात पु. लं.नी जे साधले आहे ते मुळात नाही. शाळकरी कवितेतला जाळे विणणारा कोळी आणि जाळे टाकणारा कोळी हे दोघे मराठीच एका शब्दात एकत्र आणू शकते. पण यात धोकाही आहे. तो प्राणी चिकाटीचा धडा देण्यासाठी क्रमिक पुस्तकात आला होता, आणि त्याच्यामागोमाग माणूसही धड्याचाच विषय होऊन बसतो. शिवाय आम्हा परमुलखातल्या मराठी मंडळींना कोळी भेटतो तो गणेशोत्सवाच्या रंगमंचावर: गुडघ्यापर्यंतचा रंगीत रुमाल, पुठ्ठ्याची होडी, टोपलीत कागदाची मासळी. त्या टोपलीला वास नसतो, आणि तिच्यातल्या मासळीचा भाव कोणी विचारत नाही.

भावाचा विचार तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी केला आहे. त्यांची 'चेम्मीन' ही मल्याळी कादंबरी १९५६ सालची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले आणि १९६५ साली तिच्यावर निघालेला चित्रपट देशभर गाजला. करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांच्या प्रेमाची आणि समुद्रमातेच्या कोपाची कथा म्हणून ती सांगितली जाते. परंतु ती सुरू कशी होते? चेंबनकुंजूला स्वतःची होडी आणि जाळी हवी आहेत, त्यासाठी तो परीकुट्टीकडून पैसा घेतो, आणि तो परत करीत नाही. कादंबरीतला पुढचा सगळा अनर्थ या न फेडलेल्या कर्जावर उभा आहे. शेवटी पळनी लहान होडीतून एकटाच समुद्रात जातो. गळाला शार्क लागतो आणि त्याच्या ओढीत पळनी नाहीसा होतो. सांतियागोची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. पण पळनी एकटा का? बायकोविषयी गावात कुजबूज सुरू झाल्यामुळे इतर कोळी त्याला आपल्या होडीत घेईनासे झाले म्हणून. धंद्याच्या जाणकारीत तकळी आम्हाला हेमिंग्वेपेक्षा दोन पावले पुढे वाटतात. मात्र शेवटी त्यांनाही समुद्रमातेचा न्याय हवासा वाटला आणि कर्जाची गोष्ट तिच्या लाटांखाली गेली.

यापुढचे लिहिताना आम्हाला पापनाशम सोडून याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जावे लागेल. १९९१ साली नागपट्टणम वेगळे झाले आणि तंजावर जिल्ह्याकडे पाल्कच्या उपसागरावरचा किनारा उरला: अदिरामपट्टणम, मल्लिपट्टणम, सेतुभावाछत्रम. मल्लिपट्टणमजवळ सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ उभारलेला मनोरा आहे. मराठी मंडळी तो पाहण्यास आवर्जून जातात, वर चढून छायाचित्रे काढतात आणि परततात. मनोऱ्याखालच्या पाण्यात काय चालते ते आमच्याही ध्यानात आले नसते. पण आमची नोकरी कर्जे देण्याची, आणि पापनाशमला येण्यापूर्वी काही काळ आम्ही त्या किनाऱ्यावर होतो.

हा उपसागर उथळ; बहुतेक ठिकाणी पाणी पंधरा मीटरांहून कमी खोल. तळाशी कोठे खडक, कोठे समुद्री गवत, कोठे चिखल. शेवंड, जिला इकडे सिंगी इराल म्हणतात, दिवसा कपारीत बसते आणि रात्री चरावयास निघते. म्हणून तिला धरणारा संध्याकाळी तळाशी जाळे सोडतो आणि पहाटे ते उचलतो. तिकडे कन्याकुमारीच्या बाजूस ताडाच्या तंतूंचे पिंजरेही वापरतात. या कामात सांतियागोची झुंज नाही. आपल्याकडच्या शेवंडीला नांग्याही नसतात. काटेरी पाठ आणि लांब मिशा हेच तिचे शस्त्र. कौशल्य आहे ते तळ ओळखण्यात, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात फाशांत गुरफटलेली शेवंड मिशी न मोडता, पाय न तुटता सोडवण्यात. कारण ती जिवंत आणि अखंड पोचली तरच परदेशी जाणाऱ्या मालाचा भाव मिळतो. मेलेली शेवंड ही मासळी. जिवंत असली तरच ती माल. पापनाशमच्या कोठारात भात महिनोन्महिने राहील. हिला ओल्या गोणपाटात गुंडाळून काही तासांत दलालाच्या हौदापर्यंत न्यावे लागते.

त्यात आठवडाही स्वतःचा नाही. या उपसागरात यांत्रिक ट्रॉलरांनी आठवड्यातले तीन दिवस जावे आणि बाकीचे दिवस लहान होड्यांना असावेत, अशी जुनी वाटणी आहे. १९८३ च्या तमिळनाडू सागरी मासेमारी अधिनियमाने ट्रॉलरांना किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत मज्जावही केला. परंतु तळाशी रात्रभर टाकलेले जाळे ट्रॉलरच्या ओढीत सापडले म्हणजे सकाळी भेंडेसुद्धा सापडत नाहीत, आणि कोणाच्या ट्रॉलरने ते नेले हे पाण्यावर लिहिलेले नसते.

अशा कामावर जाणारा एक मनुष्य आमच्यासमोर बसला होता. नव्या जाळ्यांसाठी त्याला कर्ज हवे होते. अर्जात 'खलाशांची संख्या' असा रकाना होता. तो म्हणाला, एक. आम्ही विचारले, दुसरा कोणी बरोबर का नेत नाही? आमच्या मनात अर्थातच पुस्तकातली उत्तरे होती: स्वभाव असेल, शाप असेल, गावाचे वैर असेल. त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले आणि सांगितले की दुसरा माणूस घेतला तर आलेल्या पैशातून आधी तेल जाते, मग दलालाची उचल वळती होते, आणि जे उरते त्याचे दोन वाटे केल्यास एकही घर चालत नाही. दोन रात्री काहीच न मिळाल्यास तो स्वतः उपाशी राहू शकतो. दुसऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. एका हाती सुकाणू आणि एका हाती जाळे धरून काम कसे होते, हे विचारण्याचे मग आम्हाला धैर्य झाले नाही.

हे ऐकताना आमच्या व्याख्यानातला एकाकी मानव कोठे गेला ते कळले नाही. सांतियागोचे एकटेपणही मुळात असेच नाही काय? चाळीस दिवस मासा मिळाला नाही म्हणून पोराच्या आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवले, आणि त्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले, असे कथेच्या आरंभीच लिहिलेले आहे. म्हणजे तेही व्यवहाराचेच गणित. त्यावर आम्ही नियतीचा शेंदूर थापला.

आता वजनाची गोष्ट. २००३ साली केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अधिसूचना काढून शेवंडीच्या निर्यातीला जातवार किमान वजन ठरवले: मोठ्या नक्षीदार जातीला ५०० ग्रॅम, चिखलाळ तळावरच्या जातीला ३००, खडकातल्या लहान जातीला २००, आणि चपट्या शेवंडीला १५०. अधिसूचना योग्यच होती; किंबहुना तिला उशीर झाला होता. मुंबईच्या ट्रॉलरांना मिळणारी ती चपटी शेवंड १९९४ च्या सुमारासच जवळजवळ नाहीशी झाली होती. पण वजन केले जाते कोठे? अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंड धरणारा स्वतःच्या होडीत माप बाळगतो. लहान ती तेथल्या तेथे पाण्यात सोडतो, अंडी असलेल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिलाही सोडतो, आणि पुढे ती दुसऱ्या कोणाला सापडली तर तोही ती खाच पाहून सोडून देतो. आपली अधिसूचना निर्यातीची. तिचा काटा व्यापाऱ्याच्या गोदामात. तेथे १८० ग्रॅमांची शेवंड नाकारली जाते किंवा पडत्या भावात घेतली जाते, तोवर ती अर्धमेली झालेली असते. समुद्राला ती परत मिळत नाही आणि कोळ्याला भावही मिळत नाही. कायद्याचे वाङ्मय आणि कोळ्यांवरचे ललित वाङ्मय यांच्यात आम्हाला हे एक विलक्षण साम्य दिसते: दोन्ही होडीपर्यंत पोचत नाहीत.

आणि आम्ही? अर्जात 'अपेक्षित दैनिक उत्पन्न' असाही रकाना होता. त्याने दिलेले आकडे रोज वेगळे. काही दिवशी शून्य. सरासरी काढून द्या, असे आम्ही सांगितले. त्याला ते जमले नाही, आणि आमच्या हाती पेन्सिल असूनही आम्ही ते काढून दिले नाही. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झाली आहे, पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी अर्ज अपूर्ण म्हणून परत गेला. तो मनुष्य पुन्हा आला नाही. दलालाने उचल वाढवून दिली असेल.

'एका कोळियाने'च्या शेवटी किनाऱ्यावरच्या उपाहारगृहातली एक प्रवासी बाई पाण्यात तरंगणारा सांगाडा पाहते आणि तो शार्कचाच समजते. वाढपी तिला घडले ते सांगू पाहतो, पण तिच्या ध्यानात काही येत नाही. या बाईला आम्ही पूर्वी हसत असू. यंदा पुस्तक मिटण्यापूर्वी आम्ही हिशेबाच्या त्या पानावर परतलो आणि समासात पेन्सिलीने तो पुरा केला: पंधराशेचे दोन-तृतीयांश हजार पौंड, तीस सेंटांच्या भावाने तीनशे डॉलर. काही अवघड नव्हते. अर्धे मिनिटही लागले नाही.